पहिल्या किल्ल्याची गोष्ट

दिगंबररावांनी गोणपाट चिखलाच्या घमेल्यात बुडवलं, दोन्ही हातांनी वर उचललं आणि निथळू दिलं.

“घाई करायची नाही. चिखल आधी त्याच्या पोटात जाऊ द्यायचा, मग दगडांवर पसरायचं. नाहीतर दुपारच्या उन्हात किल्ला तडकतो आणि तुम्ही घरी जाऊन सांगता, त्या आजोबांना काही येत नाही.”

पाचवीची तीस मुलं हसली. एकाने गोणपाट घाईघाईने ओढलं आणि चिखल स्वतःच्याच शर्टावर उडवून घेतला. दिगंबरराव रागावले नाहीत. त्यांनी त्याचा हात धरून कडा कशी दाबायची ते दाखवलं, मग त्यालाच ते शेजारच्या मुलीला शिकवायला सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीआधीचा हा शेवटचा आठवडा त्यांचा सगळ्यात आवडता. रोज दोन शाळांच्या सहली येत आणि मातीचं अंगण मुलांनी भरून जाई.

त्यांच्या करमणुकीच्या बागेचं नाव ‘बारमाही दिवाळी’. वर्षातल्या कुठल्याही दिवशी आत शिरलं की दिवाळीच असे. आकाशकंदिलांच्या आकाराचे पाळणे होते, लाडवांच्या डब्यांची आगगाडी होती, नरकासुराची अंधारी गुहा होती. गुहेच्या दारावर दिगंबररावांच्या वडिलांच्या हातची पाटी अजून होती : ‘राक्षस खोटा आहे. लहान मुलांना ढकलणारे मोठे खरे आहेत.’

“आजोबा, हात धुता का?” स्पृहा, त्यांची नात, मोबाइल हातात घेऊन आली. “व्हिडिओ आजच करायचाय. उद्या नवं दालन उघडतंय, पाहुणे येतायत. मुलं आहेत तोवर गोष्ट सांगा, म्हणजे लाइव्ह वाटेल.”

“पन्नास वर्षं लाइव्हच सांगतोय मी,” दिगंबरराव म्हणाले आणि नळाकडे गेले.

नव्या दालनात रंगाचा वास होता. भिंतीवर बागेची पन्नास वर्षं ओळीने लावली होती : कर्वेनगरातला मोकळा प्लॉट, मग वारज्यापलीकडची जमीन, पहिला हाताने फिरवायचा पाळणा, वीज आली ते वर्ष, आगगाडी. सगळ्यांच्या मधोमध काचेआड पहिला किल्ला होता. त्याच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘१९७५. चोवीस वर्षांच्या दिगंबर घारपुरे यांनी स्वतःच्या हातांनी घडवलेला पहिला हलता किल्ला.’

मुलं जमिनीवर बसली. त्यांच्या बाई, फिकट निळ्या ओढणीतल्या, सगळ्यांच्या मागे दाराशी उभ्या राहिल्या. स्पृहाने मोबाइल धरला.

दिगंबररावांना ही गोष्ट पाठ होती. आवाज कुठे खाली आणायचा, मुलं कुठे श्वास रोखतात, सगळं त्यांना माहीत होतं. पुण्यात त्या वर्षीही गल्लोगल्ली किल्ले होते, पण ते गप्प उभे असायचे. हा एकच किल्ला चालायचा. त्याच्या पोटात सायकलची चेन होती आणि हँडल म्हणून सायकलचंच पेडल. पेडल फिरवलं की सहा मावळे दोरावरून कडा चढत, दरवाजा उघडे आणि वरची पणत्यांची माळ फिरू लागे.

“बघायला इतकी गर्दी झाली,” ते आवाज खाली आणत म्हणाले, “की चौथ्या दिवशी आमच्या घराचं कुंपण मोडलं. माझे वडील म्हणाले, दिगू, लोकांना वर्षभर दिवाळी हवी आहे. तिथून ही बाग सुरू झाली.”

त्यांनी काच सरकवली. “चला, कोण फिरवतंय?”

पहिला मुलगा आला. उजव्या हाताने फिरवताना त्याचं कोपर भिंतीवर आपटलं. दुसरा वाकडा उभा राहून कसाबसा अर्धा फेरा करू शकला. तिसरी आली ती कादंबरी नावाची मुलगी. इतका वेळ ती वहीत काहीतरी टिपून घेत होती. तिने पेन्सिल कानामागे खोचली, डावा हात पेडलवर ठेवला आणि सावकाश फिरवलं. मावळे अडखळले नाहीत. दरवाजा उघडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

“आजोबा, हे डावीकडे का आहे?”

हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारी, आणि त्याचं उत्तरही ठरलेलं होतं.

“उजव्या हातात पणती असते ना? मग फिरवायला डावा हात. बागेतल्या सगळ्या पाळण्यांचे खटके डावीकडेच आहेत, पाहिलंस? ती आमची घारपुरे पद्धत.”

कादंबरीने थोडा विचार केला.

“पण पणती तर किल्ल्यावर आहे. आणि मघाशी माती तुम्ही उजव्या हाताने लावत होता. मी डावखुरी आहे, म्हणून माझं लक्ष जातं. हे तुम्ही तुमच्यासाठी नाही बनवलेलं.”

“कादंबरी, पुरे,” मागून बाई म्हणाल्या. “डबे घ्या सगळ्यांनी. हात धुवून बाहेर कट्ट्यावर बसा.”

मुलं गोंधळ करत बाहेर गेली. स्पृहा मोबाइल बघत म्हणाली, “शेवटचं कापून टाकते. बाकी मस्त आलंय.” तीही बाहेर गेली.

बाई मात्र दाराशीच थांबल्या होत्या.

“हुशार मुलगी आहे,” दिगंबरराव म्हणाले.

“हो. तिला डाव्या हाताने लिहू नको म्हणायचे घरी. मी त्यांना बोलावून समजावलं. माझे आजोबा डावखुरे होते.” त्या किल्ल्याजवळ आल्या, पण त्यांनी हात लावला नाही. “मी मेहनाज. मंडईमागे शमशुद्दीन सायकलवाले होते, त्यांची नात.”

दिगंबररावांनी काच सरकवून बंद केली. ती पूर्ण बंद झाली तरी त्यांचा हात तिच्यावरच राहिला.

“कसे आहेत ते?”

“जाऊन अकरा वर्षं झाली.”

“मला कळलं नाही.”

“कसं कळणार?” हे मेहनाज इतक्या साधेपणाने म्हणाली की त्यात टोमणा शोधूनही सापडला नसता. “लहानपणी दर दिवाळीला ते आम्हाला इथे आणायचे. तिकीट काढून, रांगेत उभं करून. तुम्ही गोष्ट सांगायचात तेव्हा आम्ही पुढे बसायचो आणि ते मागे उभे राहायचे.”

“इथे यायचे? गोष्ट ऐकायला?”

“दरवर्षी. घरी जाताना मी आजोबांना विचारायचे, दादा, आवडली का? म्हणायचे, माणूस गोष्ट छान सांगतो.”

दिगंबररावांनी बसायला जागा शोधली. दालनात खुर्ची नव्हती.

त्यांना ती संध्याकाळ आठवत होती. खरं तर ती कधी विसरलीच नव्हती. वर्तमानपत्राचा माणूस आला होता. हे यंत्र कुणी बनवलं, असं त्याने विचारलं. शमशुद्दीन किल्ल्यामागे उकिडवा बसून चेनला तेल देत होता. आठ रात्री दुकान बंद केल्यावर येऊन त्याने ती चेन बसवली होती, केवळ दिगू आपला मित्र आहे म्हणून. वडील पटकन म्हणाले, “आमच्या दिगूनं.” शमशुद्दीनने मान वर केली. त्याने वडिलांकडे पाहिलंच नाही. तो दिगंबरकडे बघत होता, आणि दिगंबर फोटोसाठी केस सारखे करत होता.

रात्री वडील म्हणाले होते, “महाराजांचा किल्ला आहे. उगाच कशाला चर्चा?” दिगंबर जेवायला बसला होता.

पुढच्या वर्षी मोठा किल्ला करायचा ठरला, तेव्हा मंडईत जाऊन शमशुद्दीनला विचारायची लाज वाटली. म्हणून त्यांनी जुना किल्ला उघडून त्याच्या आतल्या भागांची चित्रं काढली आणि दुसऱ्या फिटरकडून तसंच्या तसं करून घेतलं. पेडल डावीकडे का, ते कळत नव्हतं. हलवलं तर काही बिघडेल अशी भीती होती. मग पाळणे आले, आगगाडी आली, आणि प्रत्येक कारखान्याला पत्रातून कळवलं गेलं : खटका डावीकडे. कारखानदार वैतागत. लोकांनी त्याला पद्धत म्हटलं तेव्हा दिगंबररावांनी तिच्यासाठी पणतीचं कारण शोधून काढलं.

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“दादा काही बोलले नाहीत. दुकान आवरताना त्यांची वही सापडली. तिच्यात आकृत्या होत्या, तारखा होत्या.” मेहनाजने ओढणी खांद्यावर नीट घेतली. “सहा वर्षं मी वर्ग घेऊन येतेय, काका. मुलांना आवडतं म्हणून. खोटं कशाला बोलू, मागे उभी राहून ऐकायलाही येते. दरवर्षी वाटतं, यंदा सांगाल.”

“मग वही दाखवायची होतीत. पेपरात द्यायची होतीत.”

“त्यांना ते करायचं असतं तर त्यांनीच केलं असतं.”

बाहेर सहलीच्या गाडीचा हॉर्न वाजला. ती नमस्कार करून मुलांकडे गेली.

दिगंबररावही मागोमाग बाहेर आले. मुलं कट्ट्यावर डबे बंद करत होती.

“स्पृहा, मोबाइल आण. गोष्ट परत सांगायची आहे.”

“का? इतकी छान झाली होती!”

“छान झाली होती. खरी नव्हती. तो किल्ला मी नाही बनवला.”

स्पृहा हसली, मग थांबली. तिने आवाज खाली आणला. “आजोबा, प्लीज. भिंतीवर प्रिंट लागलीय. बाबांचं भाषणसुद्धा त्याच्यावरच आहे. उद्या सगळ्यांसमोर आपण काय सांगणार?”

“ते उद्या बघू. आत्ता ही मुलं निघतायत.”

स्पृहाने नाइलाजाने मोबाइल धरला आणि ते कट्ट्यासमोर उभे राहिले. सांगायला सुरुवात केली, पण आवाज कुठे खाली आणायचा ते त्यांना माहीत नव्हतं. शमशुद्दीनचं नाव आधी आलं, मग परत मागे जाऊन तो कोण ते सांगावं लागलं. आठ रात्री, चेन, तेल, सगळं उलटसुलट झालं. दोन मुलं पाळण्यांकडे बघत होती. एकाचा डबा खाली पडला. वर्तमानपत्रवाल्याने विचारलं तेव्हा आपण शमशुद्दीनचं नाव घेतलं नाही, इथवर ते कसेबसे आले.

“तेव्हाच का नाही सांगितलं?” कादंबरीने विचारलं.

दिगंबरराव तिच्याशेजारी कट्ट्यावर बसले.

“तुम्ही वडिलांना घाबरलात,” शर्टावर चिखल उडालेला मुलगा त्यांना मदत करत म्हणाला. “मीपण घाबरतो.”

“नाही रे,” दिगंबरराव म्हणाले. “घाबरलो नव्हतो. लोक माझ्याकडे बघत होते. मला ते आवडलं होतं.”

स्पृहाने मोबाइल खाली केला.

“चालू ठेव,” ते म्हणाले.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. मुलं सवयीने उठली आणि दप्तरं खांद्याला लावू लागली. मेहनाज रांगेच्या टोकाशी होती. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग दिगंबररावांकडे.

“बसा परत,” ती मुलांना म्हणाली. “गाडी थांबेल.”