तपासणीत लाइन ठीक

लाइनमनकाका टेबलाखाली शिरले आणि कॉम्प्युटरची निळी वायर उपसून त्यांनी पुन्हा बसवली. टक् असा आवाज आला. तो आवाज आला म्हणजे वायर नीट बसली, हे त्यांना डोळे मिटूनही कळलं असतं. तरी त्यांनी ती आणखी दोनदा काढून बसवली आणि मग गुडघे चोळत बाहेर आले.

रविवार होता आणि चार वाजायला वीस मिनिटं होती. चार वाजता परगावच्या मुलीशी बोलायचं, हे ठरलेलं. गेले पाच रविवार ते बोलणं दहा-बारा मिनिटांतच तुटत होतं.

टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं खांबांवर चढण्यात गेली, त्यामुळे निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना कोणी दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. बायकोला जाऊन अडीच महिने झाले होते. एवढ्या दिवसांत त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. भेटायला आलेली माणसं म्हणायची, काका खंबीर आहेत हो. काका खंबीरबिंबीर काही नव्हते, त्यांना काही वाटतच नव्हतं. ओट्याशी उभ्याउभ्या चार घास गिळायचे, ताट घासायचं आणि पलंगाच्या आपल्याच बाजूला जाऊन पडायचं. त्यात नेट जायला लागलं, तेव्हा खरं सांगायचं तर त्यांना जरा बरंच वाटलं. बिघाड निघाला की काय करायचं असतं, हे त्यांना माहीत होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक जुनी वही काढली आणि खात्यातल्या तक्रारवहीसारखे रकाने आखले. वेळ, तक्रार, तपासणी, शेरा. वायरच्या टोकाची क्लिप तुटलेली निघाली, म्हणून वायर बदलली. नेटचा डबा कपाटामागून काढून टेबलावर आणला. कॉम्प्युटर आपोआप झोपी जाऊ नये म्हणून तीही सोय बंद केली. वही भरत गेली आणि दर रविवारी कॉल तुटत राहिला. मागाहून मुलीचा मेसेज यायचा, 'नेट गेलं वाटतं बाबा, पुढच्या रविवारी बोलू.'

नुसत्या गप्पांसाठी त्यांची ही धडपड नव्हती. त्यांच्याकडे एक निरोप पडून होता. बायको गुरुवारी पहाटे गेली. मुलगी कामातून सुटून शनिवारी येणार होती. त्याआधी दोनदा तिने येणं पुढे ढकललं होतं. बुधवारी संध्याकाळी वॉर्डात बायकोने त्यांना जवळ बोलावून मुलीसाठी दोन वाक्यं सांगितली होती. मुलगी आली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि ती चार दिवस भिंतीकडे तोंड करून बसली. पाचव्या दिवशी ती परत गेली. निरोप द्यायचा राहिला तो राहिलाच.

फोनवर सांगणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडले, त्याला स्वतःला फोनवर बोलता येत नसे. तिचा चेहरा बघत सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि चेहराच टिकत नव्हता.

आदल्याच दिवशी, शनिवारी, नेटवाला येऊन गेला होता. त्याने सगळं तपासलं, मान हलवली आणि म्हणाला की काका, तुमची लाइन आमच्या ऑफिसपेक्षा चांगली आहे. काकांचा विश्वास बसेना, तेव्हा त्याने कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडून दिली. तिच्यात दर सेकंदाला एक पांढरी ओळ उमटायची. ओळी येताहेत तोवर लाइन जिवंत, खंड पडला की मेली. बोलताना ही बाजूला उघडी ठेवा, कधी तुटतं ते रंगेहाथ सापडेल, असं त्याने सांगितलं.

चार वाजता मुलगी पडद्यावर आली. केस ओले होते आणि मागे वाळत घातलेले कपडे दिसत होते. जेवलात का, गुडघा काय म्हणतो, तिकडचं पाणी आलं का, हे सगळं नेहमीच्या क्रमाने झालं. काका एक डोळा काळ्या खिडकीवर ठेवून उत्तरं देत होते. बारा मिनिटं झाली. त्यांनी घसा साफ केला.

"काल तुझ्या आईचं कपाट उघडलं," ते म्हणाले.

मुलीचा हात पडद्याकडे आला. चित्र गेलं.

काळ्या खिडकीत ओळी येतच होत्या. काकांनी त्या मोजल्या. साठ झाल्या, शंभर झाल्या, एकीचाही खंड नव्हता. मेसेज आला, 'नेट गेलं वाटतं बाबा.' तो आल्यावरही खिडकीत पांढरी ओळ उमटली आणि पाठोपाठ आणखी एक.

त्यांनी वही ओढली आणि मागचे शेरे वाचले. पहिल्या रविवारी त्यांनी लिहिलं होतं, 'हिच्या चष्म्याबद्दल बोलताना तुटला.' दुसऱ्या रविवारी, 'दवाखान्याच्या कागदांचं विचारलं, लगेच तुटला.' तिसऱ्या रविवारी ते चहा आणायला उठले होते आणि मागचा आईचा पलंग तिला पडद्यावर दिसला होता. खुर्ची सरकल्याने वायर हलली असेल, असा शेरा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. खात्यात त्यांची पद्धतच ती. माणूस कसा आहे ते बघायचं नाही, तार बघायची. प्रत्येक वेळी तिचा हात पुढे आलेला त्यांनी पाहिला होता, आणि कॅमेरा नीट करत असेल असं त्यांना वाटलं होतं.

त्यांनी पेन उघडून रकान्यात लिहिलं, 'तपासणीत लाइन ठीक.'

राग यायला हवा होता, पण आला नाही. पोरगी घाबरलेय, एवढंच त्यांना कळलं. आईचा विषय निघाला की पुढचं वाक्य 'तू वेळेवर का आली नाहीस' हेच असणार, असं ती धरून चालली होती. आणि ते आपले दर रविवारी बारा मिनिटं प्रस्तावना करत बसले होते. त्या आठवड्यात त्यांनी वायरला हात लावला नाही. बुधवारी नेटवाल्याचा फोन आला, तेव्हा बिघाड सापडला एवढंच त्याला सांगितलं.

खांबावर चढल्यावर, वाऱ्यात, कच्च्या जोडणीवरून ऑफिसशी बोलायचं तर लाइनमनांचा एक रिवाज होता. मुद्दा आधी. नाव मागाहून, तब्येत-पाणी त्याच्याही मागाहून. लाइन कधी जाईल ते सांगता येत नाही, म्हणून पहिल्या श्वासात जे सांगायचं ते सांगून मोकळं व्हायचं.

पुढच्या रविवारी चार वाजता मुलगी पडद्यावर आली. ती 'जेवलात का' म्हणायला तोंड उघडते न उघडते तोच काका बोलले.

"आई तुझ्यावर रागावली नव्हती. तिने तुला सांगायला सांगितलंय."

मुलीचं तोंड तसंच अर्धवट उघडं राहिलं. मग हात आला आणि चित्र गेलं.

ओळी चालू होत्या. काका खुर्चीत बसून राहिले. आपण घाई केली की काय, निदान तिला बसू तरी द्यायचं होतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मेसेजची वाट बघितली, तोही आला नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाहेर कोणीतरी स्कूटर पुसत होतं, त्याच्या बादलीचा आवाज येत होता. आता ही रविवारीसुद्धा बोलणार नाही, असं त्यांना वाटलं, आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदाच ते घाबरले.

सव्वाचारच्या पुढे कॉम्प्युटरची रिंग वाजली. इतके दिवस तुटलेला कॉल तिने स्वतःहून कधी लावला नव्हता. काकांना बटण पटकन सापडेना.

तिने तोंड धुतलेलं होतं. नाक लाल होतं. ती त्यांच्याकडे न बघता खाली, टेबलाकडे बघत होती.

"नेट गेलं होतं बाबा," ती म्हणाली. "तुम्ही काय म्हणालात, नीट ऐकू आलं नाही."

काकांनी काळ्या खिडकीकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत ओळी सलग होत्या.

"हो गं, जातं मध्येच," ते म्हणाले.

"परत सांगा ना. ती म्हणाली तसंच. तिच्याच शब्दांत."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. पहिला शब्द नीट निघेपर्यंत त्यांना तीनदा थांबावं लागलं. मुलगी थांबली.

"म्हणाली, पोरीला सांगा, मी रुसले नाही. ती येणारच होती, मला माहीत होतं."

मुलीने मान हलवली. हात तिच्या मांडीवरच होते.

"अजून एकदा सांगा," ती म्हणाली.