मिनिस्टरसाठी धुकं

तिहोमिरने सर्बियातल्या लेस्कोवात्सच्या कापड कारखान्यात बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला. वाफेला तो कधी भ्यायला नाही, साहेबालाही नाही. पण जानेवारीतल्या त्या दुपारी वीतभर सरड्याने त्याला घाम फोडला.

सरडा होता त्याच्या बायकोचा, देसांकाचा. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. निवृत्त झाली तेव्हा शेवटच्या वर्गातल्या मुलांनी वर्गणी काढून तिला हा कॅमेलिऑन भेट दिला. रंग बदलतो म्हणून तिनेच त्याचं नाव ठेवलं मिनिस्टर. तिहोमिर चार वर्षांत मिनिस्टरशी चार शब्द बोलला नव्हता. मग डिसेंबरात देसांका बर्फावरून घसरली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि पुन्हा चालायला शिकवण्यासाठी तिला डोंगराखालच्या गरम झऱ्यांच्या इस्पितळात हलवलं. पण शिकणं राहिलं बाजूला, बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. रोज संध्याकाळी फोनवर तिचा एकच प्रश्न असायचा.

"मिनिस्टर कसा आहे?"

"मजेत आहे," तिहोमिर सांगायचा.

मजेत कसला! रेडिएटर रात्रंदिवस तापलेले, घरातली हवा कोरडी ठक्क. मिनिस्टरची कात निघता निघता बोटांना चिकटून बसली होती, डोळे खोल गेले होते. ओलाव्याच्या मापकाचा काटा विसावर, आणि देसांकाच्या वहीत स्पष्ट लिहिलेलं: रात्री ऐंशी. ती दिवसातून चारदा पाणी फवारायची. तिहोमिर दोनदा विसरायचा, आणि आठवलं की मिनिस्टरला नखशिखांत भिजवायचा. हा गेला तर देसा उठायची नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

शेवटी त्या दुपारी त्याने बाह्या सरसावल्या. बॉयलरवाल्याला ओलावा म्हटलं की वाफच सुचणार. प्रेशर कुकर आणला, त्याला मेहुण्याच्या दारूभट्टीची तांब्याची नळी जोडली आणि गॅस पेटवला. पाच मिनिटांत शेजारची झागोर्का दारात हजर.

"अहो शेजारी, बायको इस्पितळात आणि तुम्ही घरात भट्टी लावलीत? लाज आहे का काही? मला दोन बाटल्या ठेवा."

"दारू नाही, सरड्यासाठी आहे."

"सरड्याला पाजताय? म्हणजे माणसांना काही उरणार नाही."

नळीपुढे हात धरला तर बोटं पोळली. या वाफेने मिनिस्टर थेट शिजून ताटात आला असता. गरम वाफ नको, थंड धुकं हवं होतं. मग कोबी खारवायची प्लॅस्टिकची बादली निघाली. बाजारातून कारंज्यात टाकायची थरथरती चकती आणली, पाण्यात सोडली की वर पांढरं धुकं उठायचं. झाकणाला भोक पाडून जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला, दुसऱ्या भोकातून वॉशिंग मशीनचा पाइप पिंजऱ्यात नेला. चकतीवर क्षार धरू नये म्हणून गाडीच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी ओतलं. बादली तीनदा घासली तरी धुक्याला आंबट कोबीचा वास यायचाच.

बटण दाबलं आणि पानांतून धुकं उतरू लागलं. तिहोमिर टोपी काढून बघत राहिला. काटा मात्र चाळिसावर जाऊन अडला. अडणारच, पिंजरा तीन बाजूंनी जाळीचा! चार वर्षं ती जाळी त्याच्या डोळ्यांत सलत होती. या बाजूने हवा आत, त्या बाजूने बाहेर, म्हणजे साक्षात प्रोमाया. दोन उघड्या खिडक्यांमधून आरपार जाणारा हा वारा मान धरतो, कान फोडतो, मूत्रपिंडं खातो, हे तिहोमिरला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. देसांका हसायची. एकेचाळीस वर्षांच्या संसारात ती खिडक्या उघडत आली आणि तो मागून बंद करत आला.

आता ती घरी नव्हती. त्याने प्लॅस्टिकचा कागद घेतला आणि चिकटपट्टीने पिंजरा चहूबाजूंनी गुंडाळून टाकला. काटा नव्वदावर!

त्या संध्याकाळी त्याने सगळं यंत्र फोनवर रंगवून सांगितलं. बऱ्याच दिवसांनी देसांका हसली. मग मास्तरणीच्या आवाजात तिने विचारलं, "हवा खेळती आहे ना रे?"

"आहे, आहे."

तिसऱ्या दिवशी मिनिस्टर फांदीवर तोंड वासून बसलेला दिसला. रंग काळवंडलेला, नाकाशी बुडबुडे, प्रत्येक श्वासाला बारीक शीळ. तिहोमिरने त्याला कोटाच्या आत छातीशी धरलं आणि बस पकडून जनावरांच्या डॉक्टरणीकडे नेलं.

"काका, पिंजरा बंद होता का?"

"प्रोमाया लागू नये म्हणून..." तो पुटपुटला.

डॉक्टरीण हसली नाही. "माझी आजीही हेच म्हणते. पण याला ओल हवी तशी हवाही हवी. धुकं फक्त रात्री, दिवसा सगळं सुकू द्या. तो कागद काढा, रोज खिडकी उघडा. इंजेक्शनं देऊ, बघू काय होतं."

तिहोमिरने घरी येऊन कागद टराटरा फाडला. मिनिस्टरचा उबेचा दिवा लावला, स्वयंपाकघराची खिडकी उघडली, समोरचं दार उघडलं, आणि दोन स्वेटर, मफलर, कानटोपी घालून स्वतः त्या वाऱ्यात बसला. झागोर्का दारातूनच ओरडली, "अहो, मरायचंय का? प्रोमाया!" तो हलला नाही.

संध्याकाळी फोन वाजला.

"मिनिस्टर कसा आहे?"

त्याच्या जिभेवर 'मजेत' आलं होतं. ते त्याने गिळलं. "देसा, मी खोटं बोललो. मी त्याला कोंडलं. श्वास लागलाय त्याला. माझीच चूक."

पलीकडे खाट करकरली. मग ती म्हणाली, "मी येते."

"कशी येशील? तुला उभं राहता येत नाही."

"मग उद्यापासून शिकते. तोवर त्याला सांभाळ. आणि रडू नकोस, मला ऐकू येतंय."

तेरा दिवसांनी झागोर्काच्या जावयाने तिला गाडीतून आणून सोडलं. जिना ती कुबड्यांवर स्वतः चढली, मध्ये दोनदा थांबून, तिहोमिरचा हात झिडकारून. पिंजऱ्यात मिनिस्टर हिरवागार बसला होता, एक डोळा तिच्यावर आणि दुसरा बादलीवर. देसांकाने त्याला मनसोक्त पाहून घेतलं. कोबीच्या वासाने नाक मुरडलं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. वाळला होता. घरातही त्याच्या डोक्यावर कानटोपी होती, आणि मागे स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याने स्वतःच्या हाताने उघडली होती.

ती कुबड्या टेकत स्वयंपाकघरात गेली आणि खिडकी लावून घेतली.

"हवा पुरे झाली आता," ती म्हणाली. "तुला वारा लागेल."