दोनशे बारावी ओळ

“‘आहे’ म्हण, आई. ‘हाय’ नको.”

“‘आहे’ बोलली म्हंजे दिल्लीवाले मना जास्त वलखतील काय गो?” केसरबाईंनी सूप झटकलं. सुकटीतला कचरा अंगणात उडाला. “आनि त्यांना हिंदी लागते, असं गनराज बोलतो. मंग ही शाला कुनासाठी भरवलीस?”

“समितीत मराठी कळणाऱ्या एक बाई आहेत. त्या विचारतील. चल, पुन्हा. तुम्हाला रेडिओ केंद्र कशासाठी हवं आहे?”

केसरबाईंनी सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि वर्गात उभं केल्यासारखे हात जोडले. “आमच्या भोंग्याचा आवाज खाडीच्या तोंडापर्यंत जातो. होड्या त्याच्या पुढे असतात.” मग सुटल्यासारखा श्वास टाकला. “बग. बोलली ना? आता चाय ठेव.”

केसरबाईंची मुलगी किशोरी अलिबागच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. एक रविवार सोडून एक रविवार सकाळच्या एसटीने मुरुडला यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. वीस वर्षांचा नेम. गेली दीड वर्षं मात्र या रविवारांना एक काम चिकटलं होतं. कोळीवाड्यातल्या महिला मंडळाला स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र हवं होतं, आणि ते वेड केसरबाईंचं होतं.

मच्छीमार सोसायटीच्या बर्फखान्याच्या छपरावर एक पत्र्याचा भोंगा होता. सकाळी आठला आणि दुपारी चारला केसरबाई त्यावरून बोलायच्या. वारा कुठला, बंदरावर धोक्याचा बावटा लागला का, बर्फ आला का, सरकारी दवाखान्यात आज डॉक्टर आहे की नुसता कंपाउंडर. कुणी नेमलं नव्हतं. नवरा गेला, होडी विकली, त्यानंतर एकदा त्यांनी माइक हातात घेतला तो घेतलाच. पण तीन वर्षांपूर्वी एका दुपारी वारा अचानक फिरला. केसरबाई भोंग्यावर घसा फुटेस्तोवर ओरडत होत्या आणि बाहेर गेलेल्या नऊ होड्यांपैकी एकीलाही ऐकू गेलं नाही. मोबाइलला तिथे रेंज नसते. नऊच्या नऊ परत आल्या, पण उशिरा, आणि एक फुटून. त्या दिवसापासून केसरबाई म्हणू लागल्या, “आवाज लांब गेला पायजे.”

आवाज लांब जायला दिल्लीचा परवाना लागतो, हे गणराजने शोधून काढलं. तो सोसायटीचा सेक्रेटरी. नियम किशोरीने वाचले, तीनदा वाचले. केंद्र चालवणारी संस्था तिथलीच हवी. निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच माणसांनी, तिथल्याच बोलीत केलेले हवेत. स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत.

“बातम्या नकोत? बेस झाला,” केसरबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. “बातम्या आयकून कुनाचा पापलेट मोटा झाला?”

आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे, ऐकणाऱ्यांना केंद्र खरंच हवंय याचा पुरावा हवा. घरोघर जाऊन पाहणी करायची, नाव, वय, धंदा, काय ऐकायचंय ते लिहून आणायचं. अर्ज किशोरीने लिहिला. पाहणी केसरबाईंनी केली. चार महिने वही घेऊन त्या कोळीवाड्यात फिरल्या, खाडीपलीकडे गेल्या, मोहल्ल्यात जाऊन आल्या. “त्यांच्या बायांना त्यांचे बोलीत अर्धा तास देयाचा,” असं परस्पर कबूलही करून आल्या. गणराजने त्या वहीची पानं स्कॅन करून अर्जासोबत पाठवली. आता फक्त दिल्लीच्या समितीपुढची सुनावणी राहिली होती, आणि ती संगणकावर, बसल्या जागी व्हायची होती.

चहा पिताना किशोरीने आणखी दोनदा घोकून घेतलं. ‘पानी’ नाही, पाणी. ‘वारा फिरला तं’ नाही, फिरला तर. केसरबाईंनी सगळं ऐकलं, बशी पालथी घातली आणि म्हणाल्या, “तू लहान व्हतीस तवा मी तुना बोलाया शिकवलं. आता फेड चाल्ली हाय.” आणि खो खो हसल्या. किशोरी हसली नाही. तिला गाडी पकडायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला केसरबाई भोंग्यावर बोलल्या. उतरता वारा आहे, बर्फाची गाडी दहाला येईल. मग खाली येऊन बर्फखान्याच्या पायरीवर बसल्या. शेजारी त्यांची जुनी मैत्रीण नीराबाई त्यांच्यासाठी तंबाखू मळत होत्या. तळहात पुढे केला, तर घ्यायला हात आला नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गणराज घरी आला. हातात छापलेला कागद होता.

“किशोरीताई, आत्ता देऊ की नंतर?”

“दे.”

सुनावणीची तारीख होती, बारा दिवसांनंतरची. आणि खाली एक हरकत. पाहणीतल्या नावांच्या रकान्यात माणसांची नावं दिसत नाहीत. ‘जलकन्या’, ‘दर्यादौलत’, ‘नूर-ए-समंदर’ अशी नावं आहेत. शिवाय तीच नावं चार-चार, पाच-पाच वेळा आली आहेत. पाहणी व्यक्तींची आहे याची खात्री पटवावी, नाहीतर अर्ज बाद होईल. गणराजने कळवल्याप्रमाणे मंडळाच्या अध्यक्ष केसरबाई वारल्या आहेत, तरी त्यांच्या जागी सहीचा अधिकार असलेली नवी व्यक्तीही कळवावी.

किशोरीने वही उघडली. ती पहिल्यांदाच उघडत होती. केसरबाईंचं अक्षर मोठं, वर शिरोरेघ न दिलेलं. जलकन्या, वय एकसष्ट, मासळी विकणं, वारा ऐकायचा. जलकन्या, वय बत्तीस, जाळी विणणं, गाणी. जलकन्या, वय अकरा, शाळा, गोष्टी.

“हे काय केलं हिनं?” ती पुटपुटली.

“बराबर केलान,” नीराबाई दारातून म्हणाल्या. त्या रोज येऊन उंबऱ्यावर बसत. “माजा नाव काय?”

“नीराबाई.”

“ते तुजेसाठी. बंदरावर ‘नीरा’ बोलून हाक मार, पाच जनी वलतील. ‘जलकन्या’वाली बोल, मंग मीच. कोन कुनाचा ते होरीवरनं कलतं. तू अलिबागला राहून इसरलीस.”

ती विसरली नव्हती. शाळेत असताना वाटेत कुणी म्हाताऱ्याने “कुनाची गो तू?” विचारलं की बाकीच्या मुली चटकन होडीचं नाव सांगत. होडी विकल्यावर तिच्यापाशी सांगायला काही उरलं नाही. मग ती पूर्ण नाव सांगायला शिकली, आडनावासकट, स्वच्छ मराठीत. पुढे तेच नाव घेऊन ती अलिबागला गेली.

“दोनशे बारा ओळी आहेत, मावशी. प्रत्येकीपुढे माणूस लिहावा लागेल.”

“मंग ऊठ. बसून लिवशील काय?”

किशोरीने रजा वाढवली. पुढले आठ दिवस दोघी दारोदार फिरल्या. पुढे नीराबाई, मागे वही घेतलेली किशोरी. ‘दर्यादौलत’ म्हणजे सात माणसं निघाली. एक म्हातारा म्हणाला, “लिव, पन आदी आयक. नातू व्हायचे वेली सुनेला कला सुटल्या, गारी न्हाय. तुजे आयनं भोंग्यावरनं येकदाच सांगितलं, तं तीन रिक्षा उब्या राह्यल्या दारात.” दुसऱ्या घरी एका बाईने तिला नुसतं घट्ट धरलं आणि सोडताना म्हणाली, “सकाली आट वाजता मना अजून वाटतं, आता बोलल.” मोहल्ल्यात ‘नूर-ए-समंदर’वाल्या वयस्क खाला तिला शिरखुर्मा खाल्ल्याशिवाय उठू देईनात.

“तुमची अम्मी रमजानमधी इफ्तारीचा टाइम पन सांगायची भोंग्यावर. हमेशा अर्धा मिनिट लेट. आमी खजूर तोंडात टाकून तिची वाट बघायचो. हसायचो. तिला वाटायचं तिच्या सांगन्यावरच आमी रोजा सोडतो.” खालांनी डोळे पुसले. “तिला कुनी सांगितलं नाय, ते बरं केलं.”

किशोरी लिहीत होती. नाव, वय, धंदा. या दाराशी आपण चाळीस वर्षांत एकदाही आलो नव्हतो, असं तिला प्रत्येक दाराशी वाटत होतं, आणि प्रत्येक दाराशी कुणीतरी तिला ओळखून बसायला पाट देत होतं. आईने काहीही शिल्लक ठेवलं नाही, असं तेराव्याला कुणीसं म्हणालं होतं. ते तिला आता खरं वाटेना.

शेवटच्या पानावर दोनशे बारावी ओळ होती. ‘किशोरी, वय पासष्ट, भोंगा, सगळं ऐकायचं.’

“मावशी, ही ‘किशोरी’ कुठली होडी? पाहिली नाही कधी.”

नीराबाईंनी वहीत पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ओळ कितवी ते कळलं.

“ती लिवली तवा मी बाजूला व्हती. मी बोलली, केसर, तुजी तं होरी न्हाय, तू काय लिवशील? तं बोलली, हाय की माजी. अलिबागला लागलेली हाय. रयवारी येते.”

किशोरीने पेनाला टोपण घातलं. मग काढलं. मग पुन्हा घातलं. दोनशे अकरा ओळींपुढे माणसांची नावं भरली गेली होती. या ओळीपुढे तिने काहीच लिहिलं नाही. नीराबाईंनीही विचारलं नाही. यादी तशीच गेली.

मंडळाच्या सभेत नव्या सहीचा विषय निघाला, तेव्हा बायकांनी एका सुरात किशोरीचं नाव घेतलं.

“मी इथं राहत नाही,” ती म्हणाली. “नियम आहे, संस्था इथल्याच माणसांची हवी. उद्या समितीनं विचारलं, या बाईंचा इथं काय संबंध, तर अर्ज माझ्यामुळेच बुडेल.”

“विचारतील तं सांग,” नीराबाई म्हणाल्या. “तोंड हाय ना तुना? आयला यवरं शिकवत व्हतीस.”

सुनावणीच्या दिवशी अकरा वाजता सोसायटीच्या खोलीत गणराजने लॅपटॉप लावला. मागे बाकांवर वीसएक बाया बसल्या होत्या. त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं, म्हणून त्या कुजबुजत होत्या. पडद्यावर चार चौकोन उघडले. समितीचे अध्यक्ष हिंदीत बोलत होते, शांत, सवयीच्या आवाजात. किशोरीने हिंदीतच हरकतीचं उत्तर दिलं. कोळीवाड्यात माणूस होडीवरून ओळखला जातो, त्यामुळे एका नावाखाली घरातली पाच माणसं आहेत, आणि आता प्रत्येकाचं नाव समोर लिहिलेलं आहे. तिने घोकलेलं सगळं नीट सांगितलं. अध्यक्षांनी पानं उलटली.

“म्हणजे ऐकणारे स्वतःला ज्या नावाने सांगतात, तेच केसरबाईंनी लिहिलं,” ते म्हणाले. “आमच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही, ही त्यांची चूक नाही.” त्यांनी शेजारच्या चौकोनाकडे पाहिलं. “बाई, तुमचं काही?”

चष्मा लावलेल्या, पिकल्या केसांच्या बाई पुढे झुकल्या. त्या मराठीत बोलल्या, तशी मागची कुजबुज थांबली.

“दोनशे बारावी ओळ. ‘किशोरी’. पुढे माणूस लिहिलेला नाही. राहून गेला का?”

“नाही. त्या ओळीत माझी आई आहे. केसर. ज्यांनी ही पाहणी केली, त्या.”

“आणि ‘किशोरी’ ही त्यांची होडी?”

“आमची होडी मी सातवीत असताना विकली गेली. त्यांनी माझं नाव लिहिलं.”

 बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. अध्यक्षांनी हिंदीत विचारलं, मामला काय आहे. बाईंनी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“पाहणी मान्य,” ते म्हणाले. “मंडळाला मंजुरीचं पत्र देण्याची आम्ही शिफारस करतो. फ्रिक्वेन्सीचं, टॉवरचं पुढे वेगळं आहे, ते पत्रातून कळेल.”

मागे कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी तिला दटावलं. गणराज उगाचच लॅपटॉपची वायर नीट करू लागला.

“एकच गोष्ट,” बाई म्हणाल्या. “केसरबाईंच्या जागी सही तुमची. पण तुम्ही अलिबागला राहता, आणि या यादीत तुम्ही कुठेच नाही. नियमाप्रमाणे संस्था इथल्या माणसांची हवी. तुमची ओळ आत्ताच वाढवून घेऊ म्हणजे प्रश्न उरणार नाही. नाव किशोरी. धंदा ग्रंथपाल. आणि होडीचं नाव सांगा, तुमच्या पद्धतीप्रमाणे.”

किशोरीने मागे वळून पाहिलं. नीराबाई तिच्याकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या. ती पुन्हा पडद्याकडे वळली.  बाई थांबल्या. त्यांना घाई नव्हती.

“केसर,” ती म्हणाली. “केसर लिहा. मी तिच्यातच बसून इथवर आले, बाई. तिला हे कधी बोलले नाही.”