मार्चमधली लग्ने पाहिलेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. ऊनवारा आत घेणारी नव्हे, पगार बाहेर देणारी! विलायतेतल्या बर्स्लेम गावातल्या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात पगाराच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडून मला बसवले. सुतार घाईत होता, त्यामुळे माझी फळी जन्मापासून वाकडी. वर सरकवताना ती अशी किंचाळायची की भट्टीपर्यंत ऐकू जाई. पण शुक्रवारी दुपारी ते ऐकून कुणी तोंड वाकडे केले नाही. उलट माणसे धावत यायची.

माझ्या आत मॉडबाई बसत. त्यांच्यापुढे तपकिरी पाकिटांची चळत असे. प्रत्येक पाकिटाचा एक कोपरा कापलेला, म्हणजे न फाडता नोटा मोजता याव्यात. एकदा फाडले की तक्रार चालत नसे. शिवाय आमच्या गावची रीत अशी की पाकीट फाडायचे ते घरच्या बाईने. लग्न झालेला पुरुष ते बायकोच्या हाती देई, बिनलग्नाचा आईच्या. मग ती देईल तेवढा त्याचा वरखर्च. सहा फुटी गडी, पण पाकिटाला नख लावायची कुणाची टाप नव्हती.

मॉडबाईंचे ऐकून ऐकून मलाही आयकर कळू लागला. पगारातला काही भाग सरकार कराशिवाय सोडते, ती सूट. सूट वाढली की कर कमी कापला जातो आणि पाकीट जाड होते. सूट एप्रिलपासून वाढली तरी किती कर कापायचा याचे नवे तक्ते यायला जून उजाडायचा. मग मधल्या आठवड्यांत जास्त कापलेला कर एका शुक्रवारी एकदम परत मिळे.

"सरकारला आज काय झालंय? एवढं उदार?" कुणीतरी विचारायचे.

"तुझेच पैसे आहेत रे बाबा," मॉडबाई म्हणायच्या, "सरकारनं नुसते सांभाळले."

लग्न झालेल्या पुरुषाची सूट मोठी असे, आणि त्यात एक गंमत होती. करवर्ष पाच एप्रिलला संपायचे. चार एप्रिलला लग्न केले तरी अख्ख्या वर्षाची सूट लागू होई आणि वर्षभर कापलेला जादा कर परत येई. त्यामुळे मार्च सरत आला की आमच्या गावात लग्नांची झुंबड उडायची. परत आलेल्या पैशांत कुणाचा पलंग यायचा, कुणाची गॅसची शेगडी. नव्या नवऱ्याच्या केसांत अडकलेले तांदूळ माझ्या कट्ट्यावर सांडायचे. रांगेतल्या बायका हमखास विचारायच्या, "काय रे, प्रेमाचं लग्न की कराचं?"

या रांगेत विल्फ टनिक्लिफ असे. भट्टीत भांडी रचणारा, वय सेहेचाळीस, बिनलग्नाचा. आणि नेस्टा असे. कपांच्या कडांना सोनेरी रेघ ओढायची, ती हात न थरथरता. दोघे चौदा वर्षे दर रविवारी फिरायला जात. दर मार्चमध्ये मॉडबाई विल्फला म्हणत, "यंदा तरी?" आणि तो म्हणे, "पुढच्या वर्षी बघू. आईला पटायला हवं."

मग एका वर्षी सरकारने नियम बदलला. मार्चचा शेवटचा शुक्रवार होता.

"विल्फ, ऐकलंस का?" पाकीट देता देता मॉडबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षापासून जितके महिने लग्नाचे, तितक्याच महिन्यांची जादा सूट. हा शेवटचा मार्च बरं."

"असं होय? मग आईला एकदा विचारून बघतो."

मागेच नेस्टा उभी होती. ती पुढे आली. "मॉडबाई, पुढच्या शुक्रवारी माझा हिशेब मिटवून ठेवा. मी बहिणीकडे कॅनडाला चालले, कायमची. तिकडे बर्फ फार म्हणतात. पण तो निदान वितळतो तरी."

"नेस्टा, अगं..." विल्फ पुटपुटला.

"अगं नको नि बिगं नको."

विल्फ पाकिटाकडे बघत राहिला. मग त्याने अंगठा घातला आणि टर्रकन पाकीट फाडले. माझ्या देखत, साऱ्यांच्या देखत! रांगेतून कुणीतरी ओरडले, "अरे, विल्फनं पाकीट फाडलं!"

"मॉड, घाईच्या लग्नाच्या परवान्याला किती पडतात गं?"

"पैसे मागाहून मोज," नेस्टा म्हणाली. "आधी मला विचार."

"करशील माझ्याशी लग्न?"

"चौदा वर्षांत पहिल्यांदा विचारलंस. करीन."

मला इतका आनंद झाला की फळी आपोआप खाली घसरली आणि मॉडबाईंच्या हाताला लागली.

सोमवारी सकाळी विल्फची आई, केझाया मावशी, काठी टेकत माझ्यापाशी आली. मुठीत फाटके पाकीट होते.

"मॉड, खरं सांग पोरी. तीस वर्षांत पहिल्यांदा फाडलंय त्यानं. दारू लागली ना? विचारलं तर लालबुंद होतो नि बाहेर पळतो."

"नाही हो मावशी. लग्न करतोय. बुधवारी, नेस्टाशी."

मावशीने माझ्या कट्ट्याला हात टेकला. "म्हणजे नेस्टा हो म्हणाली?"

"म्हणाली की."

"अगं, मला वाटायचं तिलाच नकोय. म्हणून मी कधी विषय काढला नाही. उगाच पोराच्या जखमेवर मीठ कशाला चोळा?"

मला हसू आले आणि फार वाईटही वाटले.

लग्न झाले. मे महिन्यात विल्फ कर-कचेरीचे पत्र नाचवत आला. मागे नेस्टा होतीच. "मॉड, वर्षाचा जादा कर परत आला! आता आधीच्या तेरा वर्षांचं काय ते बघ."

"ती वर्षं सरकारकडे नाहीत," मॉडबाई म्हणाल्या. "ती तुझी तूच खर्च केलीस."

विल्फ ओशाळला. नेस्टाने त्याचा हात घट्ट धरला आणि दोघे पलंग बघायला गेले.

मित्रांनो, आता पगार बँकेत जमा होतो आणि मला खिळे ठोकून बंद केले आहे. माझी तक्रार नाही, भरल्या पोटी झोपावे तशी मी आहे. फक्त एक सांगते. पगाराची चिठ्ठी आली की नीट वाचा, आपली सूट किती ते विचारा, विचारायला लाजू नका. आणि रांगेत उभे असाल तर एकदा मागे वळून बघा. तिथे कुणीतरी कधीचे वाट पाहत असेल.