मुलगा पोचायच्या आत

ड्रायव्हरबाई शिडीच्या मध्यावर पोचल्या, तशी खालून धाकटी जाऊ ओरडली,

"ताई, आत्ताच सांगून ठेवते, पडलात तर मी झेलणार नाही!"

"कोण सांगतंय झेलायला? शिडी धर. आणि डोळे उघडे ठेवून धर."

जावेने डोळे आणखी घट्ट मिटले. शेजारच्याच घरात राहणारी ही बाई साधा बल्ब बदलायला खुर्चीवर चढायची नाही. आज मात्र तिने शिडीला अशी मिठी मारली होती, की रात्रीचं वादळ परत आलं असतं तरी शिडी जागची हलली नसती.

गच्चीवर वायरमन आधीच चढून बसला होता. त्याने पुढे केलेला हात न घेताच ड्रायव्हरबाईंनी कठड्यावरून पाय टाकला, सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांना हसूच फुटलं. मुलाने त्यांना गच्चीवर चढायची सक्त बंदी केली होती, आणि त्यांनी ती पाळलीही होती. आता छातीत धडधडत होतं, पण ती धडधड भीतीची नव्हती. शाळेची बस घेऊन पहिल्यांदा घाट उतरल्या होत्या तेव्हा अशीच होत होती.

बस सोडूनही त्यांना बरीच वर्षं झाली होती. पण अर्धं गाव त्यांच्याच बसमधून शाळेत गेलेलं, त्यामुळे नाव कोणाच्या तोंडी राहिलं नाही, ड्रायव्हरबाई तेवढं राहिलं. हा वायरमनही त्यातलाच. पहिल्या बाकावर बसायचा आणि वळणं सुरू झाली की ओकायचा.

"काकू, काहीही झालं तरी हातमोजे काढायचे नाहीत," तो म्हणाला. "खालचे सगळे स्विच मी बंद केलेत. पण ऊन पडलंय. सोलरचं फुटकं पॅनेलसुद्धा उन्हात झटका देतं."

"कळलं. तू आधी दाखव, काय काय गेलंय."

बरंच काही गेलं होतं. कुठल्याशा झाडाची फांदी पॅनेलांवर आडवी पडली होती. ओला पाला काचांना चिकटला होता. कोणाच्या तरी टाकीचं झाकण उडून कोपऱ्यात येऊन पडलं होतं. एका पॅनेलच्या काचेला बारीक तड्यांची जाळी पडली होती, आणि कडेच्या पॅनेलचे दोन चाप निसटून त्याचा कोपरा वाऱ्याने उचकटला होता. ड्रायव्हरबाईंनी एक लांब श्वास घेतला.

"दुपारपर्यंत होईल?"

"एवढी घाई कशाला? बाहेरची वीजसुद्धा दोन दिवस येत नाही म्हणतात."

"म्हणूनच घाई. मुलगा निघालाय शहरातून."

सकाळी त्याचा फोन आला होता. आवाज तुटत होता, अर्धं घरघरण्यातच गेलं. 'आई, आता पुरे झालं... आता एकत्रच राहायचं... निघालोय आम्ही, दुपारपर्यंत...' आणि लाइन गेली, ती गेलीच. परत लावायला फोनमध्ये चार्जिंग नव्हतं.

एकत्र राहायचं म्हणजे काय, ते त्यांना पाठ होतं. शहरातला तळमजल्यावरचा फ्लॅट, त्यातली त्यांच्यासाठी राखून ठेवलेली खोली, खोलीला लावलेले नवे पडदे. प्रत्येक भेटीत तो विषय निघायचा आणि प्रत्येक वेळी त्या गच्चीकडे बोट दाखवायच्या. 'माझी वीज माझ्या डोक्यावर तयार होते. माझा पंप चालतो, फ्रिज चालतो. मला कोणाची गरज आहे, सांग.' तो गप्प बसायचा. आज येऊन त्याने काळोखं घर, बंद पंप आणि इन्व्हर्टरवरचा लाल दिवा पाहिला असता, तर गप्प बसायची पाळी त्यांची होती.

फांदी दोघांनी मिळून उचलली आणि मागच्या अंगणात टाकली.

"अगं बाई!" खाली जाऊ किंचाळली.

"फांदी होती गं. मी वरच आहे."

पाला पुसून झाला. वायरमनने फुटकं पॅनेल मधून काढलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पॅनेलं एकमेकांना जोडली. उचकटलेला कोपरा ड्रायव्हरबाईंनी गुडघा टेकून दाबून धरला, त्याने नवे चाप बसवून ते पान्याने आवळले. एका जोडणीत पाणी शिरलं होतं. ती उघडून, झटकून, कोरडी करून नवीन टोक लावलं. मग तो मीटर घेऊन एकेका पॅनेलपाशी बसत गेला आणि त्या त्याच्या खांद्यावरून आकड्यांकडे बघत राहिल्या.

"हे बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"हे?"

"काकू, तोंड बघा ना माझं. बिघडलं असतं तर असं असतं का?"

"तुझं तोंड मी लहानपणापासून बघतेय. त्यावरून काही कळत नाही. एकदम बाहेरच येतं."

वायरमन इतका हसला की मीटरची सुई हातातून निसटली.

सगळी पॅनेलं ठणठणीत निघाली. तो खाली जाऊन स्विच चालू करून आला. दोघं कान देऊन उभे राहिले. खालून जावेने वर्दी दिली,

"लालच आहे!"

"नीट बघ!"

"लाल मला कळतो, ताई!"

वायरमनने डोकं खाजवलं. "वायर कुठेतरी लोखंडाला टेकतेय. आता सगळी वायर हाताखालून घालायला हवी. वेळ लागणार."

पुन्हा स्विच बंद झाले. ड्रायव्हरबाई कठड्यापाशी गेल्या. रस्ता दूरवर दिसत होता, अजून रिकामा होता. मग त्या वळल्या आणि वायरीच्या वाटेकडे नुसत्या बघत राहिल्या. रात्रभर हे सगळं थडथडत होतं. बसही अशीच थडथडायची, आणि मागचा दिवा गेला की मेकॅनिक बल्ब बदलून जायचा. पण दिवा परत जायचा, कारण वायर घासलेली असायची, जिथे ती पत्र्यातल्या भोकातून वळायची तिथे.

त्या वाकल्या. वायर जिथे सांगाड्याच्या पट्टीवरून खाली वळत होती, तिथला चिमटा तुटून लोंबत होता. त्यांनी हातमोज्याच्या बोटाने वायर अलगद उलटी केली. आतल्या अंगाला आवरण सोलून निघालं होतं आणि तांबं चकाकत होतं.

"अरे, इकडे ये! पळ!"

वायरमन आला, बघितलं, आणि त्याच्या तोंडून शीळच निघाली. पुढचं काम झपाट्याने झालं. सोललेला तुकडा कापला, नवीन टोकं लावली, वायर रबरी नळीतून ओवून घट्ट बांधली. ड्रायव्हरबाई न मागता पक्कड देत होत्या, न सांगता टोक धरत होत्या. त्यांच्या केसांत पाला अडकला होता, कोपराला खरचटलं होतं, आणि बऱ्याच दिवसांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

वायरमन खाली उतरला. क्षणभर काहीच झालं नाही. मग घरातून फ्रिजने घुर्र केलं, पंप खडखडला, आणि जाऊ अंगणात धावत आली.

"हिरवा! ताई, हिरवा! पंखा लागला! पंखा फिरतोय!"

"अगं, तू शिडी कधी सोडलीस?"

"केव्हाची!"

ड्रायव्हरबाईंनी गच्चीवर दोन्ही हात वर करून लहान मुलीसारखी एक उडी मारली. आता येऊ दे त्याला. काय काय बोलायचं ते त्या मनात जुळवू लागल्या. आधी पंख्याखाली बसवायचं. मग फ्रिजमधलं गार पाणी द्यायचं. मग सावकाश विचारायचं, काय म्हणत होतास सकाळी?

हॉर्न वाजला. वळणावर त्याची गाडी दिसली आणि तिच्या मागे एक टेम्पो. दोन्ही गाड्या फाटकाशी येऊन थांबल्या.

टेम्पोत एक कपाट आडवं घातलं होतं. त्यावर गाद्या होत्या, चादरीत गुंडाळलेला टीव्ही होता, भांड्यांची पोती होती. कपाटावर अर्ध्यापर्यंत आणि गाद्यांवर पुराचा चिखल बसला होता. घडी करून ठेवलेल्या पडद्यांचा रंग ओळखू येत नव्हता. सून गाडीतून उतरली आणि फाटकाला टेकून उभी राहिली. मुलाने दार लावलं. त्याचे कपडे गुडघ्यापर्यंत मातकट होते. त्याने वर पाहिलं. गच्चीवर आई दिसूनही तो रागावला नाही.

"आई," तो म्हणाला. "लाइट आहे तुझ्याकडे?"

"आहे."

त्याने मान हलवली.

ड्रायव्हरबाईंनी टेम्पोतलं सामान एकदा नजरेखालून घातलं. मग त्यांनी हातमोजे काढले आणि खाली अंगणात हत्यारं आवरत असलेल्या वायरमनला हाक मारली.

"काय रे, अजून दोन पंखे ओढतील का ही पॅनेलं?"

वायरमनने टेम्पोकडे बघितलं, मग वर.

"ओढतील की, काकू. पंप चालू असताना इस्त्री तेवढी लावू नका."

"बरं," त्या म्हणाल्या आणि शिडीकडे वळल्या. शिडी धरायला खाली मुलगा येऊन उभा राहिला होता.