बॅट शिकवणारा खुंटा

मी एक जुना खुंटा आहे. पण माझ्याभोवती कधी गाईचं दावं पडलं नाही. माझ्या डोक्यावर चेंडू ठेवतात आणि मुली तो बॅटने उडवतात. नेम चुकला की चेंडूऐवजी मार मला बसतो. मित्रांनो, सात वर्षं मी असा मार खाल्ला आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे.

माझा जन्म गोंदियाजवळच्या गोरेगावातल्या चुन्नीलालच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. संघदीप सर जवळच्याच एका गावातल्या शाळेत खेळ शिकवत. तिथे मुलं बेसबॉल खेळत आणि मुली सॉफ्टबॉल. सरांनी मुलींच्या सरावासाठी चेंडू ठेवायचा स्टँड मागितला, तेव्हा वरून उत्तर आलं की मुलींच्या संघासाठी यंदा तरतूद नाही. सरांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि भंगारातून ट्रॅक्टरच्या नांगराचा एक तवा उचलला. तव्यावर लोखंडी पाइप उभा केला आणि पाइपावर पाण्याच्या मोटरची रबरी नळी चढवली. तो तवा माझे पाय आणि ती नळी माझी मान.

चुन्नीलालने विचारलं, हे कायले लागते? पोरींच्या बॅटिंगसाठी, असं सरांनी सांगितलं. तो हसला; पण जोड मात्र त्याने असा पक्का केला की आजवर हललेला नाही.

पहिल्याच दिवशी माझ्या मानेवर अकरा घाव बसले. त्यांतले सात एकट्या रुचीचे होते. रुची रहांगडाले तेव्हा सहावीत होती. हडकुळी, उंच आणि कोणाचं लवकर न ऐकणारी. नेम चुकला की ती माझ्याकडेच रागाने बघायची, जणू मीच हललो होतो.

सर मुलांना आणि मुलींना माझ्यासमोर आळीपाळीने उभं करत. दोघांना शिकवण एकच असे. भार मागच्या पायावर घ्यायचा, पुढचा पाय टाकायचा, आधी कंबर वळवायची आणि मग हात आणायचे. मुली विचारत, मग आमच्या खेळात वेगळं काय? तेव्हा सर चुन्याने जमिनीवर दोन रेघा ओढत. बेसबॉलात गोलंदाज उंचवट्यावर उभा राहतो आणि साठेक फुटांवरून, खांद्यावरून चेंडू फेकतो. तो वरून खाली येतो. सॉफ्टबॉलात चेंडू चाळीसेक फुटांवरून, कमरेखालून सुटतो आणि कधी कधी वर चढल्यासारखा वाटतो. चेंडू मोठा असतो, पण विचार करायला वेळ फार थोडा मिळतो. म्हणून पाऊल लहान टाकायचं आणि लवकर टाकायचं.

"पाय लवकर टाक, हात जवळ ठेव," सर रुचीला सांगत. "पण अंग पुरं वळू दे. त्यात कंजुषी नाही करायची."

रुची नववीत गेली तेव्हा गोंदियाला जिल्हा संघ निवडीचं शिबिर लागलं. सरांनी मलाही सोबत घेतलं. एसटीत मला ठेवायला जागा नव्हती, म्हणून रुचीने माझा तवा मांडीवर घेतला. तिच्या फ्रॉकला गंज लागला. तिने तो झटकलाही नाही.

शिबिराचे प्रशिक्षक होते छोटेलाल सर. आपल्या काळात ते बेसबॉल उत्तम खेळले होते. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना स्वतःच्या हाताने पाणी देणारा होता. पण पहिल्याच सकाळी त्यांनी मुलं आणि मुली वेगळ्या केल्या. मुलांना पूर्ण ताकदीने बॅट फिरवायला सांगितली. मुलींना म्हणाले, "तुम लोग कमर मत घुमाओ. बॉल को ऊपर से छुआओ और भागो. सॉफ्टबॉल में इतना ही चाहिए."

संघदीप सर काही बोलायला पुढे झाले. त्यांना सांगण्यात आलं की बाहेरच्या शिक्षकांनी रेषेबाहेर थांबावं. आणि मला? मला चुन्याच्या पोत्यांमागे आडवं टाकलं. ही जत्रा नाही, घरचं सामान इथे नको, असं कोणीतरी म्हणालं.

दोन दिवस मी तिथे आवाज ऐकत पडून राहिलो. मुलांकडून ठण्ण असा आवाज यायचा आणि मुलींकडून टक्, टक्. मित्रांनो, मी लोखंड आहे, तरी तो टक् आवाज मला सहन होत नव्हता.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रुचीने मला ओढून बाहेर काढलं, मैदानात उभं केलं आणि पूर्ण अंग वळवून मारायला सुरुवात केली. छोटेलाल सर हातातला डबा तसाच घेऊन आले. सांगितलेलं काऊन ऐकत नाही, असं त्यांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं. निवडीच्या यादीची वही त्यांच्याच बगलेत होती.

रुचीने एकदा त्या वहीकडे पाहिलं. मला ते दिसलं, कारण मी तिच्या अगदी समोर होतो. पण ती बोलली.

"सर, पोट्ट्यांनी कंबर वळवली त चालते. आमी वळवली त काऊन नाही चालत?"

 मग तिने एक मागणं केलं. अर्जुनी मोरगावच्या खुशबूने चेंडू टाकावेत. खुशबू शिबिरातली सर्वांत वेगवान गोलंदाज होती. ती छोटेलाल सरांना म्हणाली, पाच चेंडू तुमच्या पद्धतीने मारीन, पाच माझ्या पद्धतीने. मग काय ते ठरवा.

छोटेलाल सरांनी डबा खाली ठेवला आणि मान हलवली.

पहिले पाच चेंडू तिने प्रामाणिकपणे वरून टोचले. त्यांतले चार जवळ उभ्या असलेल्या मुलींनी सहज उचलले आणि एक रेषेबाहेर गेला. मग तिने मागच्या पायावर भार घेतला. खुशबूचा सहावा चेंडू सणसणत आला. रुची पूर्ण फिरली, चुकली आणि गुडघ्यावर पडली. मुलं हसली. सातवा रेषेबाहेर गेला. आठव्या वेळी पाऊल लवकर पडलं, कंबर वळली आणि ठण्ण! चेंडू दोन मुलींच्या मधून थेट कुंपणावर आदळला. नववाही तसाच गेला. दहावा एका मुलीने झेलला.

छोटेलाल सरांनी वहीत काहीतरी टिपलं. संध्याकाळी यादी लागली, तेव्हा रुचीचं नाव राखीव खेळाडूंत, सर्वांत खाली होतं.

पण त्याआधी, दुपारीच, एक गोष्ट घडली. खुशबू माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि रुचीला म्हणाली, मलेबी दाखव. तिच्यामागे दुसरी आली, मग तिसरी. माझ्यासमोर रांग लागली. छोटेलाल सर दुरून बघत होते. त्यांनी कोणाला थांबवलं नाही आणि त्यानंतर 'छुआओ' हा शब्दही कोणी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

विभागीय स्पर्धेला मला नेलं नाही. परत आल्यावर रुची थेट मैदानात आली. दोन सामने ती बाकावर बसली होती, तिसऱ्यात तिला एकदाच बॅट मिळाली. संघदीप सरांनी विचारलं, काय झालं?

"आउट झाली, सर," ती म्हणाली. "पण अर्धी नाही फिरवली."

सर हसले आणि माझ्या डोक्यावर पुढचा चेंडू ठेवला.

आता रुची कॉलेजात गेली आहे. शाळेला एक नवा चकचकीत स्टँड मिळाला आहे. मला अडगळीच्या खोलीत ठेवावं, असं मध्ये ठरत होतं. मित्रांनो, मी स्पष्ट सांगतो, मला अडगळीत जायचं नाही. माझ्या तव्याचा गंज घासा, मानेला नवी नळी बसवा आणि मला मैदानात उभं करा. कोणी मुलींना अर्धीच बॅट शिकवत असेल, तर माझ्या मानेवरचे घाव त्याला दाखवा.

आज सकाळी पाचवीतली भूमिका माझ्यासमोर आली. कुंपणाबाहेरून जाणाऱ्या एका माणसाने तिला हळू मारायचा सल्ला दिला. तिने वळूनही पाहिलं नाही. अंग पूर्ण फिरवून मारलं. चेंडू जागेवरच राहिला आणि माझ्या मानेला आणखी एक चीर गेली.

जाऊ दे. चेंडू तिथेच आहे; ती पुन्हा मारणार आहे.