दसऱ्याची पाचर

रामकिसन जर्मनीहून काय शिकून आला, हे ज्यानं त्यानं विचारलं. कॉलेजात विचारलं, बजाजनगरच्या गल्लीत विचारलं, सिल्लोडहून मावशीनं फोन करून विचारलं. पोरगा इंजिनिअरिंगला, कॉलेजच्या अभ्याससहलीत परदेशी राहून आलेला; मग विचारणारच की हो! तो प्रत्येकाला बर्फाचं अन् आगगाडीचं सांगायचा. खरं सांगायची त्याला लाज वाटत होती. तिथं त्यानं मार खाल्ला होता.

झालं ते असं. तिथल्या एका कारखान्यात पोरांना प्रेस दाखवत होते. प्रेस म्हणजे खाली पत्रा ठेवायचा, वरून घणासारखा साचा पडतो अन् नग तयार होतो. एक नग साच्यात अडकला. रामकिसनचा हात आपोआप पुढं गेला. घरचीच सवय ना! त्याचा थोरला भाऊ सांडू वाळूजला एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये कामाला होता, अन् सुट्टीत रामकिसन त्याच्या हाताखाली राबलेला. अडकलं की हात घालायचा, हे बाळकडू त्याला तिथंच मिळालेलं. हात आत जातो न जातो तोच शिकवणाऱ्या म्हातारीनं लाकडी दांडी त्याच्या मनगटावर अशी हाणली, की गडी खालीच बसला. मनगट काळंनिळं झालं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारीनं ना माफी मागितली, ना आवाज चढवला. दुभाष्या तेवढा म्हणाला, "बाई म्हणतात, मोडलेलं हाड जुळतं."

घरी मात्र त्यानं जेवताना म्हातारीच्या दांडीचा विषय काढला. सांडूच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही तळहातांनी एकदम दाबली तरच साचा खाली यायचा, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहणार. पण त्यानं काम उरकत नाही, म्हणून शॉपमधल्या सगळ्यांनीच एका बटणात बाभळीची पाचर ठोकून ते कायमचं दाबून टाकलेलं. मग एक हात बटणावर, दुसरा साच्यात. सांडूनं तर आपली पाचर स्वतः तासली होती.

"दादा, ती पाचर काढ," रामकिसन म्हणाला.

"व्हय का? अन् माल कोण काढील, तुझी जर्मनीवाली म्हातारी?" सांडू हसला. मग एकदम खेकसला, "तिथं येऊन एक शब्द बोलू नको. तुझ्या तोंडापायी माझी नोकरी जाईल. तुला विमानात बसवलं ते याच पाचरीनं, ध्यानात ठेव."

"लई शहाणा होऊन आला गं बाई," त्यांची आई भागूबाई म्हणाली. भावाच्या उपकारापुढं रामकिसननं मान खाली घातली. तो गप्प बसला.

दसऱ्याला शॉपमध्ये यंत्रांची पूजा. घरच्यांना बोलवायची रीत होती, म्हणून रामकिसनही गेला. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, सगळं यथासांग. सांडूनं प्रेसला कुंकू लावलं अन् पाचरीलाही लावलं. पाचरीला! जी एक दिवस घास घेणार, तिलाच हळदकुंकू! पूजेनंतरचा पहिला नग काढायचा मान सांडूचा. भाऊ बघतोय म्हटल्यावर त्याला चेव आला. एक काढला, दुसरा काढला, पुढचा अडकला. त्यानं डावा हात आत घातला. उजवा बटणावर टेकलेला, अन् बटण नारळाच्या पाण्यानं ओलं; तळवा जरा सरकून दाब पडला की साचा खाली.

ओरडून सांगायला वेळ नव्हता. रामकिसननं शेजारची लोखंडी कांब उचलली अन् भावाच्या डाव्या हातावर सगळ्या ताकदीनिशी हाणली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सांडू किंचाळत मागं कोसळला, अन् त्याच दमात साचा धाडकन खाली आला. आत लोंबणाऱ्या झेंडूच्या माळेचा चेंदामेंदा झाला.

पण माळेकडं बघतंय कोण! लोकांना दिसलं ते एवढंच, की धाकट्यानं थोरल्याचा हात मोडला.

"तू मारलं म्हणून बटण दाबलं गेलं, हरामखोरा!" शेजारच्या प्रेसवरचा फकिरा सगळ्यात आधी धावला. सांडूचा जिवाभावाचा दोस्त तो. त्याच्यामागं सगळेच तुटून पडले. लाथा, बुक्क्या, कुणाचा कमरेचा पट्टा. पार कणिक तिंबली पोराची. दात पडला, ओठ फाटला, फरशीवरच्या कुंकवात रक्त मिसळलं. सोडवायला एक माणूस पुढं आला नाही.

घरी तर त्याहून वाईट. भागूबाई ताट वाढायची, पण बोलायची नाही. सांडू प्लास्टरातला हात उशीवर ठेवून भिंतीकडं तोंड करून पडायचा. एकदाच बोलला, "ज्या हातानं तुला शिकवलं, तोच मोडलास." रामकिसनचंही मन त्याला खाऊ लागलं. आपण भावाला वाचवलं, की खरंच आपल्यापायी बटण दाबलं गेलं? त्याला काही केल्या उलगडेना.

प्लास्टर निघालं. सांडू पहिल्या दिवशी कामावर गेला अन् दुपारीच परत आला. सदरा रक्तानं भरलेला. भागूबाईनं किंकाळी फोडली.

"माझं नाय, माय," सांडू म्हणाला. "फकिराचं हाय. नग अडकला, त्यानं हात घातला. मी हाक मारली. नुसती हाकच मारली गं! चारी बोटं गेली त्याची, अंगठा तेवढा राहिला."

तो आपल्या डाव्या हाताकडं बघत राहिला. मूठ वळली, उघडली. मग रामकिसनपुढं जाऊन उभा राहिला.

"तुला माझाच हात दिसला? फकिराचा नाय दिसला? तिकडून आल्याबरोबर शॉपच्या दारात उभं राहून बोंबलायचं होतंस! मी म्हणलं गप बस, अन् तू बसलास?"

अन् त्याच डाव्या हातानं त्यानं रामकिसनच्या कानाखाली काडकन आवाज काढला. पोरगं भेलकांडलं. गालावर बोटं उमटली, पाचही.

रामकिसननं गाल चोळला नाही. त्यानं भावाचा तो हात दोन्ही हातांत धरला अन् एकेक बोट चाचपायला लागला. सांडूनं हात सोडवून घेतला नाही. दोघंही ढसाढसा रडले, अन् भागूबाई उंबऱ्यात तशीच उभी राहिली.

जरा वेळानं सांडूनं नाक पुसलं. "त्या म्हातारीनं कुठं हाणलं होतं रं?"

रामकिसननं मनगट दाखवलं.

"चल," सांडू म्हणाला. "कांब घे. बाकीच्या पाचरी अजून तशाच हायेत तिथं."